‘वरप्रदा’ आणि पी-३०५ : वादळ येतंय हे माहीत असतानाही जहाजं समुद्रात का थांबतात? अँकर हँडलिंग टगच्या भाड्याचं गणित समजून घ्या

१७ मे २०२१. तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या पश्चिमेकडून गुजरातच्या दिशेने सरकत होतं. शहरात झाडं कोसळत होती, विमानतळ काही तासांसाठी बंद होता आणि सोशल मीडियावर गेटवे ऑफ इंडियावर आदळणाऱ्या लाटांचे व्हीडिओ फिरत होते.

त्याच वेळी मुंबईपासून सुमारे ७० किलोमीटर दूर, हीरा तेलक्षेत्रात, ‘पी-३०५’ नावाची बार्ज नांगर तुटून वाहत निघाली होती. तिच्यावर २६१ जण होते. वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन, स्वयंपाकी. संध्याकाळी ती बुडाली. नौदलाच्या आयएनएस कोची, आयएनएस कोलकाता आणि इतर जहाजांनी खवळलेल्या समुद्रात शोध घेऊन १८६ जणांना वाचवलं.

याच वादळात आणखी एक छोटं जहाज बुडालं. नाव ‘वरप्रदा’. त्यावर १३ जण होते, वाचले फक्त दोघं. बार्जच्या बातम्यांमध्ये ‘वरप्रदा’चा उल्लेख बहुतेक ठिकाणी एका ओळीत आला : ‘एक टगबोटही बुडाली.’

ही टगबोट म्हणजे अँकर हँडलिंग टग. समुद्रातल्या तेलाच्या सगळ्या कामाचा डोलारा ज्यांच्यावर उभा आहे, अशा जहाजांपैकी एक. वादळ येतंय हे माहीत असताना बार्ज समुद्रात का थांबली, या प्रश्नाचं उत्तर शोधायचं असेल तर आधी ही जहाजं काय करतात आणि ती भाड्याने कशी घेतली जातात, हे समजून घ्यावं लागतं.

अँकर हँडलिंग टग म्हणजे नेमकं काय?

बंदरात मोठ्या जहाजांना ढकलणाऱ्या, ओढणाऱ्या छोट्या टगबोटी अनेकांनी पाहिल्या असतील. अँकर हँडलिंग टग ही त्यांची समुद्रात जाणारी, जास्त ताकदीची बहीण. तिची मुख्य कामं दोन. रिग किंवा बार्ज ओढून नेणं आणि त्यांचे नांगर समुद्रात टाकणं व पुन्हा उचलणं. याच जहाजावर माल, पाणी, डिझेल, पाइप वाहून नेण्याची सोय असेल तर त्याला ‘अँकर हँडलिंग टग सप्लाय’, म्हणजे एएचटीएस म्हणतात.

हे जहाज लांबूनही ओळखता येतं. राहण्याची जागा आणि कप्तानाची केबिन पुढच्या टोकाला आणि मागे लांबच लांब मोकळा डेक. मागच्या कडेला कठडा नसतो, तिथे एक मोठा गोल रूळ असतो. नांगर, साखळ्या आणि जाड पोलादी वायर याच रुळावरून डेकवर ओढून घेतात. ओढायला प्रचंड ताकदीची विंच असते. ताणलेली वायर किंवा साखळी जागच्या जागी पकडून ठेवायला डेकमधून वर येणारा पोलादी जबडा असतो. खलाशी त्याला ‘शार्क जॉ’ म्हणतात. वायर बाजूला सरकू नये म्हणून दोन्हीकडे खुंट्या असतात.

या जहाजाची ताकद मोजतात ‘बोलार्ड पुल’मध्ये. धक्क्यावरच्या खुंट्याला दोर बांधायचा, इंजिन पूर्ण जोरात चालवायचं आणि दोरावर किती टन ताण येतो ते मोजायचं. तो आकडा म्हणजे बोलार्ड पुल. मुंबईजवळच्या उथळ समुद्रात १०० टनांच्या आतली बरीच जहाजं काम करतात. युरोपच्या नॉर्थ सीमध्ये किंवा ब्राझीलच्या खोल पाण्यात २०० टनांहून जास्त ताकद लागते.

या जहाजाशिवाय बार्ज जागची का हलत नाही?

मुंबई हाय हे तेलक्षेत्र मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर आहे. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ रिगने तिथे तेल शोधलं आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. तिथे पाण्याची खोली साधारण ७५ ते ८० मीटर आहे. एवढ्या खोलीत विहिरी खोदणारी ‘जॅक-अप’ रिग स्वतःचे पाय समुद्रतळावर टेकवून उभी राहते. तिला नांगर लागत नाहीत, पण एका जागेहून दुसऱ्या जागी न्यायला टग लागतात.

बार्जचं तसं नसतं. प्लॅटफॉर्मची दुरुस्ती, पाइपलाइन टाकणं, वेल्डिंग अशा कामांसाठी शेकडो माणसांना राहायला तरंगती जागा लागते. अनेक बार्जना स्वतःचं इंजिनच नसतं. पी-३०५ अशीच होती. अशी बार्ज चारही बाजूंना टाकलेल्या नांगरांच्या आधाराने उभी असते. बहुतेक वेळा हे नांगर आठ असतात, पाइपलाइन टाकणाऱ्या बार्जला त्याहून जास्त. प्रत्येक नांगराची वायर पाण्याच्या खोलीच्या कित्येक पट लांब सोडलेली असते. हे नांगर बार्ज स्वतः जाऊन उचलू शकत नाही. टग प्रत्येक नांगराजवळ जाते, तो तळातून उपटते आणि बार्जपाशी आणून देते.

या कामाला तास लागतात आणि ते करायला समुद्र बऱ्यापैकी शांत लागतो. लाटा वाढल्या की टगच्या मागच्या मोकळ्या डेकवर पाणी चढतं. अशा डेकवर ताणलेल्या वायरजवळ माणसं उभी करणं म्हणजे त्यांचा जीव धोक्यात घालणं.

नांगर उचलल्यावर ओढून नेण्याचा प्रवास सुरू होतो. बार्ज ओढणारी टग साधारण ४ ते ५ नॉट, म्हणजे ताशी ७ ते ९ किलोमीटर वेगाने जाते. ७० किलोमीटर अंतराला आठ-दहा तास. त्यात नांगर उचलण्याचे तास मिळवा. वारा समोरून असेल तर आणखी वेळ.

म्हणजे वादळ पोहोचेल त्या दिवशी निर्णय घेऊन उपयोग नसतो. निर्णय एक-दोन दिवस आधी, समुद्र अजून कामाजोगा असताना घ्यावा लागतो. आणि तेव्हा आकाश बऱ्याचदा निरभ्र दिसत असतं.

तौक्तेच्या वेळी हवामान विभागाच्या सूचना अचानक आल्या नव्हत्या. १४ मे रोजी अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तीव्र झाला होता आणि वादळ येणार, हे जाहीर झालं होतं. वादळ गुजरातच्या किनाऱ्यावर धडकलं १७ मेच्या रात्री. मधे तीन दिवस होते. कंत्राटदार कंपनीने त्यावेळी दिलेल्या निवेदनानुसार बार्ज बंदरात न आणता प्लॅटफॉर्मपासून सुमारे २०० मीटर दूर सरकवून तिथेच ठेवण्यात आली होती.

टग भाड्याने घेतात कशी?

तेल कंपन्या लागणारी बहुतांश जहाजं स्वतः विकत घेत नाहीत, भाड्याने घेतात. याला ‘चार्टर’ म्हणतात. त्याचे मुख्य तीन प्रकार आहेत.

पहिला, ‘टाइम चार्टर’. हा सगळ्यात जास्त चालतो. कोकणात जायला ड्रायव्हरसकट गाडी ठरवल्यासारखा हा व्यवहार. गाडी, ड्रायव्हर, विमा आणि दुरुस्ती मालकाची. रोजचं भाडं आणि डिझेल तुमचं. कुठे जायचं ते तुम्ही सांगायचं. जहाजाच्या बाबतीतही कप्तान आणि खलाशी मालकाचे नोकर असतात. इंधन आणि बंदराचा खर्च भाडेकरू करतो.

दुसरा, ‘बेअरबोट चार्टर’. इथे फक्त जहाज मिळतं. खलाशी, देखभाल, विमा सगळं भाडेकरूने बघायचं. सेल्फ ड्राइव्ह गाडीसारखं.

तिसरा, टोइंगचा करार. एखादी रिग एका ठिकाणाहून दुसरीकडे न्यायची असेल तर पूर्ण कामाची ठोक रक्कम किंवा रोजचा दर ठरवून टग घेतली जाते.

यासाठी जगभर छापील नमुना करार वापरले जातात. डेन्मार्कमध्ये मुख्यालय असलेली ‘बिमको’ ही जहाज व्यवसायाची संघटना ते तयार करते. ऑफशोअर जहाजांच्या टाइम चार्टरसाठीचा ‘सप्लायटाइम’ हा करार १९७५ मध्ये आला आणि १९८९, २००५ व २०१७ मध्ये सुधारला गेला. प्रत्यक्षात मोठ्या तेल कंपन्या त्यात आपल्या अटी घालतात किंवा स्वतःचाच करार वापरतात.

भाडं कशावर ठरतं?

बोलार्ड पुल, विंचची क्षमता, जहाजाचं वय, किती दिवसांसाठी हवं आणि त्या भागात त्या वेळी किती जहाजं मोकळी आहेत, यावर दर ठरतो.

नॉर्थ सीमध्ये ‘स्पॉट’ बाजार चालतो. म्हणजे आज फोन, उद्या काम. तिथे एकाच जहाजाचा दिवसाचा दर मंदीत काही हजार पौंड आणि तेजीत एक लाख पौंडांच्या पुढे गेल्याची उदाहरणं आहेत. भारतात चित्र वेगळं आहे. ओएनजीसी निविदा काढून काही वर्षांसाठी जहाजं घेते आणि सगळ्यात कमी दराची पात्र बोली महत्त्वाची ठरते. मुंबईच्या समुद्रात काम करणाऱ्या बऱ्याच जहाजांचा तळ रायगड जिल्ह्यातल्या न्हावा इथे आहे.

भारतीय समुद्रात परदेशी झेंड्याचं जहाज लावायचं असेल तर नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो. त्याआधी भारतीय झेंड्याच्या जहाजाला तेवढ्याच दरात काम करण्याची पहिली संधी दिली जाते.

तेलाच्या किमती पडल्या की या व्यवसायाला पहिला फटका बसतो. २०१४ मध्ये पिंपाला १०० डॉलरच्या वर असलेलं तेल जानेवारी २०१६ मध्ये ३० डॉलरच्या खाली गेलं. जगभर शेकडो जहाजं काम नसल्याने नांगरून ठेवावी लागली. ‘टाइडवॉटर’सारख्या बड्या कंपनीला २०१७ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरी कायद्याचा आधार घेऊन कर्जाची फेररचना करावी लागली. नवी जहाजं बांधणं जवळपास थांबलं. २०२२ नंतर काम वाढलं, पण ताफा जुना झालेला होता.

अपघात झाला तर नुकसान कोणाचं?

इथे एक वेगळाच नियम आहे. त्याला ‘नॉक फॉर नॉक’ म्हणतात.

समजा लग्नाच्या हॉलमध्ये मंडपवाला आणि लाइटवाला दोघं काम करताहेत. मंडपवाल्याच्या चुकीने लाइटवाल्याचे दिवे फुटले. रोजच्या व्यवहारात मंडपवाल्याने भरपाई द्यायला हवी. नॉक फॉर नॉकमध्ये तसं होत नाही. दिवे लाइटवाल्याचे, म्हणून नुकसान लाइटवाल्याचं. चूक कोणाचीही असो. प्रत्येकाने आपली माणसं आणि आपली मालमत्ता यांचीच जबाबदारी घ्यायची आणि आपापला विमा काढायचा.

यामागे कारण आहे. समुद्रात एकाच ठिकाणी तेल कंपनी, कंत्राटदार, उपकंत्राटदार, बार्जमालक आणि टगमालक असे पाच-सहा जण काम करत असतात. एका छोट्या टगच्या चुकीने शेकडो कोटींच्या प्लॅटफॉर्मचं नुकसान होऊ शकतं. तेवढा विमा टगमालकाला परवडणार नाही. मुंबई हायने हे पाहिलेलं आहे. २७ जुलै २००५ रोजी ‘समुद्र सुरक्षा’ हे सपोर्ट जहाज मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मला धडकलं, पाइप फुटला, आग लागली. काही तासांत प्लॅटफॉर्म नष्ट झाला आणि २२ जणांचा जीव गेला.

व्यवसायाच्या दृष्टीने नॉक फॉर नॉक सोयीचा आहे, कारण कोर्टकचेऱ्या कमी होतात. पण त्याची दुसरी बाजूही आहे. दुसऱ्याच्या माणसांच्या जिवाची किंमत करारात आपल्या खात्यात येत नाही. आणि साखळीच्या शेवटी, उपकंत्राटदारामार्फत आलेल्या मजुराच्या घरच्यांना प्रश्न पडतो की आपल्या माणसाचा मालक नेमका कोण?

थांबायचं की परतायचं, हे कोण ठरवतं?

कायद्याने उत्तर स्पष्ट आहे : कप्तान. समुद्रातल्या सुरक्षिततेच्या ‘सोलास’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या प्रकरणात तरतूद आहे की, जीवितरक्षणासाठी आवश्यक वाटणारा निर्णय घेण्यापासून जहाजाचा मालक, भाडेकरू किंवा इतर कोणीही कप्तानाला रोखू शकत नाही.

प्रत्यक्षात मात्र कागदावरचा हा अधिकार पैशाच्या गणितात सापडतो.

सप्लायटाइमच्या नमुना करारात जहाज बंद पडलं किंवा खलाशी कमी पडले तर त्या काळाचं भाडं थांबतं. पण वादळामुळे बंदरात आसरा घ्यावा लागला तर भाडं सुरू राहतं. म्हणजे टगमालकाचं नुकसान होत नाही. नुकसान होतं ते वरच्या कंत्राटदाराचं. त्याला टगचं, बार्जचं भाडं आणि शेकडो माणसांचा खर्च काम न होता सोसावा लागतो. तेल कंपनीबरोबरचा त्याचा करार ठोक रकमेचा आणि मुदतीचा असेल तर हे वाया गेलेले दिवस त्याच्याच खिशातून जातात.

आता यात मे महिना धरा. अरबी समुद्रात जूनपासून पावसाळी वारे सुरू होतात आणि हे काम चार महिने जवळपास बंद पडतं. मेच्या मध्यावर बार्ज बंदरात नेली, पुन्हा आणली, पुन्हा नांगर टाकले तर हंगामाचे शेवटचे मोलाचे दिवस जातात. ‘वादळ बाजूने निघून जाईल’ यावर विश्वास ठेवण्याचा मोह इथे तयार होतो. मोह कोणाला झाला हे ठरवणं तपास यंत्रणांचं काम. पण ज्या करारात थांबण्याचा खर्च एकाच्या डोक्यावर आणि न थांबण्याचा धोका दुसऱ्याच्या जिवावर असतो, तिथे तो मोह पुन्हा पुन्हा तयार होणार.

शिवाय इंजिन नसलेल्या बार्जच्या प्रमुखाने ‘निघायचं’ ठरवलं तरी टगशिवाय तो हलू शकत नाही. निर्णय एकाचा, ताकद दुसऱ्याच्या हातात आणि दोघांचे पैसे तिसऱ्याकडून.

इतर देशांत काय घडलं?

असे प्रसंग फक्त भारतात घडलेले नाहीत.

१२ एप्रिल २००७ रोजी स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांच्या पश्चिमेला ‘बोर्बन डॉल्फिन’ हे नॉर्वेचं जवळपास नवं कोरं एएचटीएस जहाज एका रिगचा नांगर हाताळताना उलटलं. १५ पैकी ८ जण गेले. त्यात कामाचा अनुभव घ्यायला आलेला १४ वर्षांचा मुलगाही होता. साखळीचं वजन मागून सरळ न येता बाजूने आलं आणि जहाज कलंडलं. नॉर्वेच्या चौकशी आयोगाने एकट्या कप्तानावर खापर फोडलं नाही. जहाजाच्या स्थिरतेतली कमतरता, रिग हलवण्याच्या योजनेतल्या त्रुटी, नव्या कप्तानाला मिळालेला अपुरा वेळ अशी साखळीच त्याने समोर ठेवली. नांगर हाताळणाऱ्या जहाजांच्या स्थिरतेबद्दलच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तरतुदी १ जानेवारी २०२० पासून लागू झाल्या. दुर्घटनेनंतर जवळपास १३ वर्षांनी.

दुसरं उदाहरण अलास्काचं. डिसेंबर २०१२ मध्ये शेल कंपनीची ‘कुल्लुक’ ही रिग ‘आयविक’ नावाचं शक्तिशाली जहाज ओढून नेत होतं. हिवाळी वादळात टोइंगची जोडणी तुटली, मग आयविकची इंजिनं बंद पडली. कुल्लुकवरच्या १८ जणांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं आणि ३१ डिसेंबरला रिग एका बेटावर आदळली. अमेरिकी तटरक्षक दलाच्या तपासात एक बाब पुढे आली. १ जानेवारीला रिग अलास्कात असती तर कंपनीला कर लागण्याची शक्यता होती आणि निघण्याची वेळ ठरवताना हा मुद्दाही विचारात घेतला गेला होता.

कर असो, मुदत असो की दिवसाचं भाडं. समुद्रात निघायचं कधी आणि परतायचं कधी यावर पैशाचा दबाव तिन्ही ठिकाणी दिसतो.

तौक्तेनंतर काय झालं, पुढे काय?

दुर्घटनेनंतर पेट्रोलियम मंत्रालयाने उच्चस्तरीय समिती नेमली, मुंबईत पोलिसांनी गुन्हा दाखल केला आणि ओएनजीसीने काही वरिष्ठ अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाई केली. पी-३०५ आणि वरप्रदा मिळून ८० हून अधिक जणांनी जीव गमावला होता. त्याच वादळात ‘गल कन्स्ट्रक्टर’ ही दुसरी बार्ज वाहत जाऊन पालघरच्या किनाऱ्याजवळ रुतली. तिच्यावरचे १३७ जण वाचले.

अरबी समुद्रातली वादळं अलीकडच्या दशकांत वाढली आहेत, असं हवामानशास्त्रज्ञ सांगतात. आणि या जहाजांची गरज तेल संपलं तरी संपणार नाही. स्कॉटलंडजवळ २०१७ मध्ये सुरू झालेला ‘हायविंड’ हा तरंगत्या पवनचक्क्यांचा प्रकल्प नांगरांवरच उभा आहे. असे प्रकल्प वाढतील तसे नांगर टाकणारी जहाजंही जास्त लागतील.

त्यामुळे प्रश्न करारांचा उरतो. वादळाचा इशारा कोणत्या पातळीला गेला की काम थांबलंच पाहिजे, हे करारात आकड्यांत लिहिलेलं आहे का? इंजिन नसलेल्या प्रत्येक बार्जजवळ तिला ओढू शकेल एवढ्या ताकदीची टग कायम उभी आहे का? थांबलेल्या दिवसांचा खर्च तेल कंपनी, कंत्राटदार आणि जहाजमालक यांच्यात वाटला जातो, की सगळा एकाच्याच डोक्यावर येतो? आणि परतीचा निर्णय कधीपर्यंत घ्यायचा, ती वेळ वादळाच्या अंदाजावर नाही, तर नांगर उचलायला आणि बार्ज ओढायला लागणाऱ्या तासांवर ठरते का?

या चार प्रश्नांची उत्तरं निविदेच्या कागदातच सापडतात. पुढचं वादळ येण्याआधी ते कागद वाचले जाणं गरजेचं आहे. वादळ आल्यावर मागच्या उघड्या डेकवर उभे असतात ते खलाशी आणि तो करार त्यांच्यापैकी बहुतेकांनी कधी पाहिलेलाही नसतो.